काच खाली, मग बचत

चि. मुग्धा,

रसायनशास्त्राच्या इमारतीतल्या फ्यूम हूडांची नियंत्रणं बदलायचं काम तुझ्याकडे आल्याचं ताईकडून कळलं. बरं वाटलं. वीजबिल कमी करून दाखवायची तुला घाई असणार, म्हणून आधीच लिहितो.

जुन्या पद्धतीत हूडच्या तोंडावरची सरकती काच वर असो वा खाली, ब्लोअर जवळपास तेवढीच हवा ओढतो. एसीने थंड आणि कोरडी केलेली हवा अखंड बाहेर जाते. नवी नियंत्रणं काचेच्या उंचीप्रमाणे हवा कमी-जास्त करतात आणि हूडच्या तोंडाशी वेग सेकंदाला साधारण 0.5 मीटर राखतात. पंख्याची गती 80 टक्क्यांवर आली की वीज हिशेबाने निम्म्यावर येते. पण काच दिवसभर वरच राहिली, तर महागडे सेन्सर बसवूनही खर्च तोच. म्हणून निविदेआधी संध्याकाळी प्रयोगशाळांतून फिर. काच उघडी टाकून जेवायला कोण जातं, हूडचं कपाट करून बाटल्या कोणी कोंबल्यात, ते बघ. त्या पोरांशी बोल, रागावू नकोस.

बाहेर जाणारी हवा कमी केलीस, तर आत येणारीही लगेच कमी व्हायला हवी; नाहीतर खोलीतला दाब वाढून वाफा पॅसेजमध्ये येतील. गच्चीवरच्या चिमणीतून हवा जोरातच सुटली पाहिजे. जोर घटला तर तीच वाफ ताज्या हवेच्या जाळीतून परत आत शिरते. परक्लोरिक आम्लाचा हूड सामायिक डक्टला जोडू देऊ नकोस, कंत्राटदार कितीही ‘चालतं मॅडम’ म्हणो.

वेगाच्या आकड्यावर समाधान मानू नकोस. वेग बरोबर असूनही एसीच्या झोताने वाफ बाहेर येते. हूडसाठीच्या अ‍ॅशरे 110 चाचणीत आधी धूर सोडून प्रवाह बघतात, मग आत सल्फर हेक्साफ्लुओराइड सोडून समोरच्या पुतळ्याच्या नाकाशी तो किती पोचतो ते मोजतात. नवी नियंत्रणं बसल्यावर ही चाचणी होईल, अशी अट करारातच घाल.

बचतीचा आकडा सगळेच विचारतील. नापास हूडला मात्र कुणाच्या आग्रहाखातर पास म्हणू नकोस. एम.एस्सी.ची मुलगी तुझा अहवाल वाचणार नाही. हूडवरचा स्टिकर बघून ती कामाला लागेल.

निविदेचा मसुदा झाला की पाठव, वाचून देतो.

तुझा,
मामा