पालची म्हाळसा

सातारा जिल्ह्याच्या कराड तालुक्यात, तारळी नदीच्या काठी पाल हे गाव वसले आहे. दर वर्षी पौष महिन्यात येथे खंडोबा आणि म्हाळसा यांचा विवाहसोहळा होतो. सातारा-सांगलीकडील असंख्य कुटुंबे त्यास वऱ्हाडी म्हणून येतात. भंडारा-खोबऱ्याची उधळण होते आणि गोरज मुहूर्तावर ‘यळकोट यळकोट जय मल्हार’च्या गजरात अक्षता पडतात. या लग्नाची वधू मात्र अबोल नव्हे.

म्हाळसा ही नेवाशाच्या तिमशेट वाण्याची कन्या आणि पार्वतीचा अवतार मानली जाते. देव्हाऱ्यातील चांदीच्या टाकावर ती खंडोबाबरोबर एकाच घोड्यावर आरूढ असते. पतीच्या राज्यात आणि रणातही तिचा वाटा आहे.

तिचा खरा करारीपणा प्रकटतो तो जागरणात. वाघ्या-मुरळीच्या गीतांतील कथेनुसार सारीपाटाच्या डावात म्हाळसा पतीस हरवते. पैजेप्रमाणे तो वनवासास जातो आणि वेष पालटून बाणाई धनगरणीच्या मेंढ्या राखतो. पुढे बाणाईस तो जेजुरीस आणतो, तेव्हा म्हाळसा आकांत मांडते. सवतीची जात, तिचा आहार, घरावरील पहिला हक्क, काहीच ती सोडत नाही. (जातीवरून ती बोलते ते आज कानाला खटकते, हेही खरे.) देव दोघींच्या मध्ये निरुत्तर उभा राहतो. अखेर म्हाळसा गडावर राहते आणि बाणाईचे ठाणे गडाच्या अर्ध्या वाटेवर होते.

रा. चिं. ढेरे, गुंथर सोन्थायमर आदी अभ्यासकांनी या परंपरेचा सखोल शोध घेतला आहे. वाणी व धनगर हे दोन समाज एका दैवताभोवती कसे आले, हे या कथेतून उमगते. तथापि, गायकांनी पहिल्या पत्नीचे गाऱ्हाणे झाकले नाही, ही गोष्टही तितकीच मोलाची आहे.

हे गाऱ्हाणे गाणाऱ्या मुरळीची स्थिती मात्र निराळी होती. नवसापोटी लहान मुलगी खंडोबास वाहिली जाई. ती देवाची पत्नी म्हणवली जाई, परंतु म्हाळसेप्रमाणे घर मागण्याचा अधिकार तिला नव्हता. मुंबई इलाख्यात देवतेस मुली वाहण्याच्या प्रथेस १९३४ च्या कायद्याने बंदी झाली. आता जागरणात मुरळी म्हणून उभी राहणाऱ्या स्त्रीस देवास वाहिलेली असावे लागत नाही. लग्नघरी रात्र चढते, दिमडी वाजते आणि म्हाळसेचा सवाल ती पुन्हा खंडोबापुढे ठेवते.