पावसाचा आलेख कसा वाचावा?

ग्रामपंचायतीच्या फलकावर, कृषी खात्याच्या पत्रकात आणि हल्ली भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही पावसाचे आलेख शेतकऱ्यांच्या नजरेस पडतात. पुष्कळदा ते नुसते पाहिले जातात, वाचले जात नाहीत. उंच रेघ म्हणजे चांगला पाऊस आणि ठेंगणी रेघ म्हणजे वाईट पाऊस, एवढाच अर्थ मनात घेतला जातो. आलेख चुकीचा वाचला तर शाळेत गुण जातात. शेतात मात्र बियाणे जाते. म्हणून सहावी-सातवीच्या मुलांना गणितात शिकवला जाणारा हा विषय ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनीही नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

वाचण्यापूर्वी पाहावयाच्या चार गोष्टी

आलेख म्हणजे संख्यांचे चित्र होय. चित्राकडे पाहण्याआधी त्याच्याभोवती लिहिलेला मजकूर वाचावा.

(१) शीर्षक : आलेख कोणत्या ठिकाणचा व कोणत्या वर्षाचा आहे, हे शीर्षकावरून कळते. मंडळाच्या गावी बसविलेल्या पर्जन्यमापकाचा आलेख त्या ठिकाणचा पाऊस दाखवितो. आठ-दहा किलोमीटरवरील शिवारात त्याच दिवशी थेंबही पडलेला नसेल, हे शेतकऱ्यास अनुभवाने ठाऊक असतेच.

(२) आडवा अक्ष : यावर बहुधा काळ मांडलेला असतो. एक स्तंभ म्हणजे एक दिवस, एक आठवडा की एक महिना, हे आधी पाहावे.

(३) उभा अक्ष : यावर पावसाचे मान मिलिमीटरमध्ये असते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सपाट जागेवर, पाणी वाहून अथवा मुरून न जाता, एक मिलिमीटर उंचीचा थर. हे पाणी दर चौरस मीटरला एक लिटर, हेक्टरी १०,००० लिटर व एकरी सुमारे ४,००० लिटर भरते.

(४) प्रमाण : उभ्या अक्षावरील एक घर किती मिलिमीटरचे आहे आणि मोजणी शून्यापासून सुरू होते किंवा नाही, हे पाहावे.

या चार गोष्टी पाहिल्यावाचून आलेखावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

बेरीज एक, पाऊस निराळा

समजण्यासाठी एका गावाची दोन कल्पित वर्षे घेऊ. दोन्ही वर्षी जून महिन्यात एकूण १२० मि.मी. पाऊस झाला. महिन्याचा स्तंभालेख काढला तर दोन्ही स्तंभ सारख्याच उंचीचे येतील, आणि दोन्ही वर्षे सारखीच गेली असे पाहणाऱ्यास वाटेल. आता तोच पाऊस आठवड्यांनुसार मांडून पाहू. (२९ व ३० जून हे दिवस दोन्ही वर्षी कोरडे गेले असे समजावे.)

१ ते ७ जून : पहिले वर्ष १५ मि.मी., दुसरे वर्ष २० मि.मी.
८ ते १४ जून : पहिले वर्ष ६५ मि.मी., दुसरे वर्ष १५ मि.मी.
१५ ते २१ जून : पहिले वर्ष २५ मि.मी., दुसरे वर्ष ० मि.मी.
२२ ते २८ जून : पहिले वर्ष १५ मि.मी., दुसरे वर्ष ८५ मि.मी.

दर आठवड्यास दोन स्तंभ शेजारी शेजारी काढले म्हणजे जोडस्तंभालेख तयार होतो, आणि दोन वर्षांतील अंतर डोळ्यांपुढे स्पष्ट उभे राहते. खरिपाच्या पेरणीसाठी ७५ ते १०० मि.मी. पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याखेरीज घाई करू नये, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. पहिल्या वर्षी १४ जूनपर्यंत ८० मि.मी. पाऊस झाला व पेरणीयोग्य ओल आली. पुढील आठवड्याच्या २५ मि.मी. पावसाने उगवणीस आधारही मिळाला. दुसऱ्या वर्षी त्याच तारखेपर्यंत केवळ ३५ मि.मी. पाऊस झाला होता. पहिल्या सरीवर विसंबून ज्याने बी टाकले, त्याचे अंकुर पुढील कोरड्या आठवड्यात करपले असते. हलक्या जमिनीत तर ही भीती अधिक. अशा शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. बियाण्याचा, खताचा व मजुरीचा खर्च पुन्हा करावा लागतो, आणि हंगाम मागे पडतो तो वेगळाच.

महिन्याचा आलेख खोटा नव्हता. त्याने महिन्याची बेरीज बरोबर सांगितली. परंतु पेरणीचा प्रश्न आठवड्याचा होता, आणि त्याचे उत्तर महिन्याच्या स्तंभात नव्हते. आपला प्रश्न ज्या काळाचा आहे, त्याच काळाचा आलेख शोधावा, हा पहिला नियम होय.

एकूण पावसाचा रेषालेख

पत्रकांत पुष्कळदा १ जूनपासून आजवरच्या एकूण पावसाचा रेषालेख देतात. यात प्रत्येक दिवसाचा पाऊस आधीच्या बेरजेत मिळविलेला असतो. वरील उदाहरणात पहिल्या वर्षाची रेषा अनुक्रमे १५, ८०, १०५ व १२० या बिंदूंतून जाईल, तर दुसऱ्या वर्षाची २०, ३५, ३५ व १२० या बिंदूंतून जाईल.

या आलेखाबद्दल दोन गैरसमज नेहमी आढळतात. रेषा आडवी, सपाट झाली म्हणजे पाऊस एकसारखा पडत आहे असे काहींना वाटते. वास्तविक सपाट रेषा म्हणजे पावसाचा खंड होय. बेरजेत नवी भर पडली नाही, म्हणून ती वर चढली नाही. दुसऱ्या वर्षी ३५ वरून पुढे ३५ वरच राहिलेली रेषा हेच सांगते. दुसरा गैरसमज असा की, रेषा खाली आली नाही म्हणजे ओल कायम आहे. ही रेषा कधीच खाली येत नाही, कारण पडलेला पाऊस बेरजेतून वजा होत नसतो. उन्हाने उडालेली, पिकाने शोषलेली व ओढ्यावाटे वाहून गेलेली ओल तिच्यात दिसत नाही. म्हणून रेषा किती उंच आहे यापेक्षा ती कोठे चढली आणि किती दिवस सपाट राहिली, हे पाहावे; आणि जमिनीतील ओल मात्र शेतात माती उकरूनच तपासावी.

सरासरीशी तुलना

सरासरी म्हणजे अनेक वर्षांच्या पावसाची बेरीज करून तिला वर्षांच्या संख्येने भागून आलेला आकडा. तो प्रदेशाचा स्वभाव सांगतो. सोलापूरचा महिनावार सरासरी आलेख पाहिला तर सप्टेंबरचा स्तंभ सर्वांत उंच दिसतो. महाबळेश्वरच्या आलेखात तो मान जुलैचा आहे. सप्टेंबरच्या पावसाची ओल खोल काळ्या जमिनीत साठवून तिच्यावर रब्बी ज्वारी घेण्याची सोलापूरकडील रीत या आलेखाशी जुळणारी आहे.

अशी दोन ठिकाणे ताडून पाहताना प्रमाणाकडे विशेष लक्ष द्यावे. महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी ५,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो, तर सोलापूरास सुमारे ७०० मि.मी. दोन्ही आलेख सारख्याच आकाराच्या कागदावर निरनिराळ्या प्रमाणांनी काढले, तर स्तंभ सारखे उंच दिसून घोटाळा होतो.

सरासरीपासूनची तफावत दाखविणाऱ्या आलेखात मधोमध शून्याची रेषा असते. तिच्यावरील स्तंभ सरासरीहून अधिक व खालील स्तंभ कमी पाऊस दाखवितात. भारतीय हवामान खात्याच्या वर्गवारीत उणे १९ ते अधिक १९ टक्के तफावत असलेला पाऊस सर्वसाधारण समजतात, तर उणे २० ते उणे ५९ टक्के असल्यास तो तुटीचा ठरतो. आपल्या कल्पित गावाची जूनची सरासरी १३० मि.मी. मानली, तर दोन्ही वर्षी तूट सुमारे ८ टक्के भरते. अर्थात दोन्ही जून ‘सर्वसाधारण’. ज्याचे अंकुर करपले त्याचा जूनही कागदावर सर्वसाधारणच राहिला! ‘सर्वसाधारण’ हा शब्द बेरजेविषयी आहे, पावसाच्या वाटणीविषयी नाही, हे कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस आवर्जून समजावून द्यावे.

उंचीचा भास

उभा अक्ष शून्यापासून सुरू झाला नाही तर स्तंभालेख फसवितो. याचे उदाहरण बाजारभावाचे घेता येईल. समजा, एका बाजारात मालाचा भाव क्विंटलला ४,००० रुपये व दुसऱ्यात ४,२०० रुपये आहे. उभा अक्ष ३,९०० पासून सुरू केला तर पहिला स्तंभ १०० रुपयांएवढा व दुसरा ३०० रुपयांएवढा उंच निघेल. दुसरा बाजार तिप्पट भाव देतो असा भास होईल. खरा फरक केवळ ५ टक्क्यांचा आहे. गाडीभाडे, हमाली व तोलाई वजा जाता तो उरेल किंवा नाही, याचा हिशेब स्तंभावर लिहिलेल्या आकड्यांवरून करावा, स्तंभाच्या उंचीवरून करू नये.

गावाचा स्वतःचा आलेख

आलेख वाचण्यास शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे तो स्वतः काढणे. शाळेतील मुले, शिक्षक व शेतकरी मिळून हे काम सहज करू शकतील.

१. पर्जन्यमापक झाडे, भिंती व छप्पर यांपासून दूर, मोकळ्या जागी बसवावा.

२. दररोज सकाळी ८.३० वाजता पाऊस मोजावा. त्या वेळी नोंदलेला आकडा मागील २४ तासांचा असतो, हे ध्यानात ठेवावे. आदल्या दिवशी दुपारी पडलेली सर आजच्या तारखेस दिसते, ती याच कारणाने.

३. पाऊस झाला नसेल तर ‘०’ लिहावे. मोजणी राहून गेली असेल तर ‘नोंद नाही’ असे लिहावे. या दोहोंत फार अंतर आहे. रिकामी जागा पुढे कोरडा दिवस म्हणून वाचली जाते.

४. आठवड्याची बेरीज करून चौकटीच्या कागदावर १ सेंटिमीटरास १० मि.मी. या प्रमाणाने स्तंभ काढावा. ८५ मि.मी. पावसाचा स्तंभ साडेआठ सेंटिमीटर उंच होईल.

५. आलेखावर गाव, वर्ष, एकक व प्रमाण लिहून तो चावडीत किंवा शाळेत लावावा, आणि पेरणीचा दिवस त्याच्यावर खुणेने दाखवावा.

असे काही वर्षांचे आलेख शेजारी शेजारी लावले म्हणजे गावात खंड कोणत्या आठवड्यांत पडतात आणि कोणत्या पेरण्या साधल्या, हे गावास आपल्याच नोंदींवरून कळू लागेल. पुढचा पाऊस आलेख सांगत नाही. त्यासाठी हवामानाचा अंदाज पाहावयास हवा. परंतु आजवर काय घडले ते आलेख नीट सांगतो, आणि पेरणीचा निर्णय घेताना तेवढा आधारही मोलाचा असतो.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. एकूण पावसाची रेषा दहा दिवस सपाट आहे. त्या दहा दिवसांत किती पाऊस झाला?

२. वरील कल्पित दुसऱ्या वर्षी ७५ मि.मी.ची मर्यादा कोणत्या आठवड्यात ओलांडली गेली? त्या वेळी आपल्या गावात कोणती पिके पेरता आली असती?

३. तालुक्याचा आलेख ‘सर्वसाधारण’ दाखवितो आणि आपले पीक सुकते आहे. आलेखातील कोणत्या गोष्टी तपासून पाहाल?