मालाचा डिजिटल पासपोर्ट : सुरुवात लॉटच्या चिठ्ठीपासून

कापडाच्या बाजारात सध्या एक नवा शब्द कानावर येत आहे : 'डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट'. आपल्यापैकी अनेकांना हे संगणकवाल्यांचे काम वाटते. आम्हालाही तसेच वाटत होते. परंतु माहिती घेतल्यावर ध्यानात आले, की यातील संगणकाचे काम पैसे देऊन करून घेता येते. अवघड काम आपल्या गोदामातच आहे. म्हणून या विषयाची थोडक्यात ओळख करून देत आहोत.

कायदा काय आहे?

युरोपीय संघाचा इकोडिझाइनविषयीचा नवा कायदा १८ जुलै २०२४ रोजी अमलात आला. युरोपात विकल्या जाणाऱ्या निरनिराळ्या वस्तूंना टप्प्याटप्प्याने असा पासपोर्ट लागेल. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना, त्यांच्या वेगळ्या कायद्यानुसार, १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरली आहे. एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आराखड्यात कपड्यांना अग्रक्रम असून त्यांचे सविस्तर नियम २०२७ च्या सुमारास धरले आहेत. भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीचा कारखानदार स्वतः निर्यात करीत नसेल; पण त्याच्या कापडाचा शर्ट युरोपात जात असेल, तर प्रश्न उलट वाटेने त्याच्या मागापर्यंत येणारच.

पासपोर्ट कसा चालतो?

याचे चार भाग आहेत.

पहिला भाग नंबर. प्रत्येक मालाला जगात दुसरा नसेल असा नंबर लागतो. तो डिझाइनपुरता, लॉटपुरता किंवा एकेका नगापुरता असू शकतो. दुकानातील बारकोडमागे जी जीएस-१ ची पद्धत आहे, तिच्यात मालाच्या नंबराला लॉट नंबर व अनुक्रमांक जोडता येतात.

दुसरा भाग खूण. सर्वांत स्वस्त खूण क्यूआर कोडची. तो १९९४ साली जपानमध्ये मोटारीच्या सुट्या भागांसाठी निघाला. पक्क्या प्रतीचा कोड सुमारे ३० टक्के खराब झाला तरी वाचता येतो; धुलाईत झिजणाऱ्या लेबलाला हे सोयीचे आहे. एनएफसीची चिप फोन अगदी जवळ नेल्यावर वाचली जाते. आरएफआयडीची काही जात कित्येक फुटांवरून, खोके न उघडता वाचता येते. पण तिला वेगळे यंत्र लागते.

तिसरा भाग साठवण. लेबलात सगळी माहिती नसते, फक्त नंबर व पत्ता असतो. माहिती माल विकणाऱ्याकडे किंवा त्याने नेमलेल्या सेवा कंपनीकडे राहते आणि तिची एक प्रत बाहेरच्या सेवा कंपनीकडे ठेवावी लागते. युरोपच्या मध्यवर्ती नोंदवहीत मुख्यतः नंबर राहतात. एकदा शिवलेले लेबल बदलता येत नाही, म्हणून त्यावरील पत्ता वर्षानुवर्षे चालू राहील असाच घ्यावा.

चौथा भाग परवानगी. गिऱ्हाईक, दुरुस्ती करणारा आणि कस्टम्सचा अधिकारी यांना सारखीच माहिती दिसत नाही. ज्याला जेवढी गरज, तेवढीच उघडते.

काही विक्रेते ब्लॉकचेनशिवाय चालणारच नाही असे सांगतात. कायद्यात तशी सक्ती नाही. ब्लॉकचेनमुळे लिहिलेले गुपचूप बदलता येत नाही, हे खरे. पण मुळात खोटे लिहिले असेल, तर ते खोटेच पक्के होऊन बसते.

आमचा अनुभव

काही वर्षांपूर्वी आम्ही एका निर्यातदाराला शर्टिंगचे तागे दिले. धुलाईत काही शर्टांचा रंग उतरला. माल कोणत्या प्रोसेसवाल्याकडचा, असे त्यांनी विचारले. दोन ठिकाणांहून रंगून आलेले तागे आम्ही एकाच थप्पीत लावले होते. चलने फाइलीत होती, पण ताग्यावर खूण नव्हती. दोष एका लॉटचा, पैसे मात्र सगळ्या मालाचे कापले गेले. शिवाय ज्याचे काम चोख होते, त्याच्यावरही आम्ही नाहक संशय घेतला. त्या दिवशी कितीही महागडा संगणक असता, तरी उपयोग झाला नसता.

आज काय करावे?

सुताच्या गोणीवरील लॉट नंबर उतरवून घ्यावा. तोच नंबर सायझिंगच्या चिठ्ठीवर, बीमवर आणि ताग्यावर पुढे न्यावा. प्रत्येक चिठ्ठीवर पाच गोष्टी असाव्यात : लॉट नंबर, तारीख, काय काम झाले, कोणी केले, किती मीटर किंवा किलो. दोन लॉट एकत्र करावेच लागले, तर नवा नंबर देऊन दोन्ही जुने नंबर त्यावर लिहावेत. चिठ्ठ्यांची नक्कल आपल्याजवळ ठेवावी. पुढे ती फोनमध्ये किंवा संगणकात भरणे मुलांनाही जमेल.

माहिती देताना मात्र गाफील राहू नये. मालाची माहिती द्यावी. आपले खरेदीचे भाव व पार्ट्यांची नावे सरसकट कोणाच्या हाती देऊ नयेत. कोणती माहिती कोण पाहणार, हे सौद्यातच लेखी ठरवून घ्यावे.

बंधूंनो, मोठ्या गिरण्यांकडे या कामाला माणसे आहेत. लॉटचा हिशेब देता आला नाही, तर निर्यातदार चांगल्या कारागिराचा मालही बाजूला ठेवील आणि ऑर्डर गिरणीकडे जाईल. यासाठी आज भांडवल लागत नाही. एक वही, एक पक्क्या शाईचे पेन आणि रोजची दहा मिनिटे पुरेत.