कथालेखन : पात्राचं नाव हरलेल्या वीरावरून



कथालेखनात मुलं पात्राला पटकन राजू, पिंकी नाहीतर जपानी कार्टूनमधलं एखादं नाव देऊन मोकळी होतात. मुद्द्यांवरून कथा पूर्ण होते, गुणही मिळतात, पण पात्र कोण ते कळतच नाही. एक तासिका हरलेल्या वीरांच्या नावांवर घेऊन पाहा.

सुरुवात कर्णापासून करा. शिवाजी सावंतांची कादंबरी 'मृत्युंजय' (१९६७), रणजित देसाईंची 'राधेय', शिरवाडकरांचं नाटक 'कौंतेय'. माणूस एकच! पण राधेय म्हटलं की सांभाळणारी आई दिसते, कौंतेय म्हटलं की सोडून देणारी. तुम्ही कोणतं नाव घ्याल आणि का, हे मुलांना विचारा. इथे घाई करू नका, बोलू द्या त्यांना.

मग आपल्या सिंदखेडराजाला या. जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांना १६२९ मध्ये निजामशहाने दौलताबादला बोलावून दग्याने मारलं. सोबत अचलोजी, राघोजी हे मुलगे आणि नातू यशवंतरावही गेले. नावं बघा! अचल म्हणजे न हलणारा, यशवंत म्हणजे यश मिळवणारा. नाव एक सांगतं आणि घडतं भलतंच. कथा तिथूनच सुरू होते.

खरं नाव मात्र जसंच्या तसं घेऊ देऊ नका. जपानमध्ये धन्याचा सूड घेणाऱ्या सामुरायांना १७०३ मध्ये मरणाची शिक्षा झाली. ताज्या घटना रंगमंचावर आणायला बंदी होती. म्हणून १७४८ च्या बाहुली-नाटकात त्यांचा म्होरक्या ओइशी कुरानोसुके झाला ओबोशी युरानोसुके, आणि गोष्ट गेली काही शतकं मागे. प्रेक्षकांना कळायचं ते कळलंच.

आपली मुलंही असं करतील. यशवंतचा 'यशू' होईल, काळ आजचा, शेत सोयाबीनचं, आणि ऐन सोंगणीत पाऊस. वर्गातल्या कुणाचं नाव तेवढं टाळायला सांगा. आडनावही नको, चर्चा भलतीकडे जाते.

एक सांभाळा. 'हरला म्हणजे मेला' असं मुलं सहज लिहून टाकतात. आपल्या जिल्ह्यात हे वाक्य साधं नाही, काही घरांत ते घडलेलं असतं. अशी वही आली तर लाल पेन बाजूला ठेवा, आधी त्या लेकराशी एकट्याने बोला. आणि यशूने पाऊस उघडल्यावर काय केलं, ते त्यालाच पुढे लिहू द्या.

पालकांसाठी काम छोटंच आहे : मुलाचं नाव कोणी ठेवलं, कुणावरून ठेवलं, ते आज रात्री जेवताना त्याला सांगा. दुसऱ्या दिवशी ते वहीत येईल.