दिघाशीच्या घरात परदेशातलं निवृत्ती खातं वारशानं आलं तर

भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीत घरातलं माणूस गेलं की पुढची कामं ठरलेली असतात. ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला काढायचा, सातबाऱ्यावर वारस नोंद करून घ्यायची, बँकेत नॉमिनीचा अर्ज द्यायचा. गावात ही वाट दाखवणारं कुणी ना कुणी भेटतंच. पण न्यू जर्सीत किंवा टेक्सासात नोकरी करणारा मुलगा गेला, तर त्याच्या ४०१(के) खात्यातल्या डॉलरांचं काय करायचं हे त्या घराला कोण सांगणार? हे टिपण नव्यानं परदेशी निघालेल्यांसाठी आहे. आम्ही, बरीच वर्षं परदेशात स्थिरावलेल्या काही मराठी कुटुंबांनी, एकमेकांच्या अनुभवावरून ते जमवलं आहे. यातलं निम्मं तुमच्या पहिल्या आठवड्यात करायचं आहे. उरलेलं तुमच्या मागे राहिलेल्यांना करावं लागेल, म्हणून ते त्यांनाही वाचून दाखवा.

नोकरीच्या पहिल्या दिवशी कंपनीच्या पोर्टलवर ढीगभर फॉर्म भरायला लागतात. त्यातला एक बेनिफिशियरीचा असतो. आपण तो नॉमिनीसारखा समजतो, घाईत वडिलांचं किंवा भावाचं नाव टाकतो आणि विसरून जातो. भारतात नॉमिनी हा सहसा पैसे ताब्यात घेणारा असतो, मालकी वारसांचीच राहते. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये सरबती देवी खटल्यात विम्याबद्दल हेच सांगितलं. डिसेंबर २०२३ मध्ये ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मिळकतीवरून झालेल्या खटल्यात शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दलही तोच निकाल दिला. अमेरिकेत मात्र फॉर्मवर ज्याचं नाव, त्याचाच पैसा. मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. २००९ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयासमोर ड्यूपाँ कंपनीतल्या एका दिवंगत कर्मचाऱ्याचं प्रकरण आलं. घटस्फोटाच्या वेळी पत्नीनं त्याच्या निवृत्ती खात्यातल्या पैशावरचा हक्क सोडला होता, पण फॉर्मवर तिचं नाव तसंच राहिलं होतं. सुमारे ४ लाख डॉलर तिलाच मिळाले. मुलगी न्यायालयात लढली आणि हरली.

लग्नानंतर काय बदलतं ते नीट समजून घ्या, कारण इथे दोन खात्यांचे दोन न्याय आहेत. ४०१(के) ला १९७४ चा एरिसा कायदा लागू होतो. त्यात विवाहित माणसाचा पैसा आपोआप पती किंवा पत्नीकडे जातो. दुसऱ्या कुणाचं नाव घालायचं तर जोडीदाराची लेखी, साक्षांकित संमती लागते. काही योजनांत त्यासाठी लग्नाला वर्ष झालेलं असावं लागतं. स्वतः उघडलेल्या आयआरए या निवृत्ती खात्याला हे संरक्षण नाही. नोकरी बदलताना आपण जुना ४०१(के) सर्रास आयआरएमध्ये वळवतो. तिथे लग्नाआधी भावाचं नाव दिलेलं असेल, तर बहुतेक राज्यांत पैसा भावाला जाईल आणि बायको-मुलं बघत राहतील. लग्न झालं, मूल झालं, नोकरी बदलली, घटस्फोट झाला की प्रत्येक वेळी प्रत्येक खात्यावरचं नाव तपासा. दुसऱ्या क्रमांकाचं नावही भरा. नावच नसेल तर बहुतेकदा पैसा इस्टेटमध्ये जातो, प्रोबेटचा, म्हणजे न्यायालयातून वारसा ठरवून घेण्याचा, खर्च येतो आणि पैसे काढायच्या सवलती आखडतात. खातेदार सक्तीच्या उचलीच्या वयाआधी, म्हणजे दरवर्षी ठरावीक रक्कम काढणं बंधनकारक होतं त्या वयाआधी, गेला असेल, तर पाच वर्षांत सगळं खातं रिकामं करावं लागतं.

आता कराकडे येऊ. घर किंवा शेअर वारशानं आले की अमेरिकेत त्यांची किंमत मृत्यूच्या दिवसाची धरतात आणि आधीच्या नफ्यावरचा कर मिटतो. निवृत्ती खात्याला ही सवलत नाही. पारंपरिक ४०१(के) आणि आयआरएमध्ये पैसा जाताना कर भरलेला नसतो, तो कर पैसा निघताना वारस भरतो. जितकी रक्कम काढाल तितकी त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवली जाते. दिलासा एवढाच की साडेएकोणसाठ वर्षांआधी पैसे काढल्याचा १० टक्के दंड मृत्यूमुळे मिळालेल्या रकमेवर लागत नाही.

पूर्वी वारस ही रक्कम आयुष्यभर थोडी थोडी काढू शकत असे. डिसेंबर २०१९ च्या सिक्युअर कायद्यानं ते संपवलं. १ जानेवारी २०२० पासूनच्या मृत्यूंसाठी बहुतेक वारसांना दहाव्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खातं रिकामं करावं लागतं. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून सुरू होते. त्यात आणखी एक अट आहे. मूळ खातेदार सक्तीच्या उचलीच्या वयात पोहोचून गेला असेल (आज ते वय ७३ आहे, २०३३ पासून ७५ होईल), तर मधल्या वर्षांतही दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागते. या अटीवरून कित्येक वर्षं गोंधळ होता, त्यामुळे २०२१ ते २०२४ चे दंड आयआरएस या अमेरिकी कर विभागानं माफ केले. जुलै २०२४ मध्ये अंतिम नियम आले आणि २०२५ पासून ते लागू आहेत. उचल चुकली तर राहिलेल्या रकमेच्या २५ टक्के दंड, दोन वर्षांत दुरुस्त केली तर १० टक्के.

दहा वर्षं आहेत म्हणून शेवटच्या वर्षापर्यंत थांबणं महाग पडतं. समजा वडील ७६ व्या वर्षी २०२४ मध्ये गेले, मागे ३ लाख डॉलरची आयआरए आहे. मुलगा आणि सून न्यू जर्सीत, त्यांचं करपात्र उत्पन्न १,८०,००० डॉलर. २०२५ च्या टप्प्यांनी ३०,००० डॉलर दरवर्षी काढले, तर जवळजवळ सगळी रक्कम २२ टक्क्यांत बसते आणि दहा वर्षांत वाढीव फेडरल कर साधारण ६६,७०० डॉलर होतो. तेच ३ लाख एका वर्षात काढले तर २४ आणि ३२ टक्क्यांचे टप्पे लागतात आणि कर ७८,३०० डॉलरच्या आसपास जातो. खात्याची वाढ आणि राज्याचा कर यात धरलेला नाही. ज्या वर्षी नोकरी सुटलेली असेल, बाळंतपणाची बिनपगारी रजा असेल किंवा कुणी शिकायला परतलं असेल, त्या वर्षी जास्त उचल करा. दुःखाच्या पहिल्या महिन्यात सगळं एकदम काढून घर घेण्याचा मोह अनेकांना होतो. निदान पहिलं कर-वर्ष उलटेपर्यंत थांबा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

दहा वर्षांच्या नियमातून काही जणांना सूट आहे: पती किंवा पत्नी, खातेदाराचं स्वतःचं अज्ञान मूल, अपंग किंवा दीर्घ आजारी व्यक्ती, आणि खातेदारापेक्षा दहा वर्षांहून अधिक लहान नसलेली कुणीही व्यक्ती. या शेवटच्या गटाकडे आपल्या लोकांचं लक्ष जात नाही. दिघाशीतले आई-वडील मुलापेक्षा मोठेच असतात, तीन-चार वर्षांनी धाकटा भाऊही यात बसतो. त्यांना आपल्या अपेक्षित आयुष्यभर रक्कम पसरून काढता येते. पुतण्या, भाची, नातवंडं यांना मात्र दहा वर्षंच. अज्ञान मुलाची सूट २१ वर्षांपर्यंत टिकते, त्यानंतर दहा वर्षांचं घड्याळ सुरू होतं. लहान मुलाचं नाव थेट घालायचं ठरवलंत तर त्याचा पैसा सांभाळणारा कोण, हे आधीच कागदावर ठरवून ठेवा, नाहीतर ते न्यायालय ठरवेल.

पत्नीला सगळ्यात जास्त मोकळीक असते. ती खातं आपल्या नावाच्या आयआरएमध्ये वळवू शकते. मात्र तिचं वय साडेएकोणसाठच्या आत असेल आणि खर्चाला पैसा लागणार असेल, तर घाईनं वळवू नये. स्वतःचं खातं झालं की १० टक्के दंड परत लागू होतो, वारसा खातं म्हणून ठेवलं तर लागत नाही. जोडीदाराच्या एच-४ व्हिसावर आलेल्या आणि नवरा गेल्यावर गावी परतायची वेळ आलेल्या तरुण मुलीसाठी हा फरक फार मोठा आहे.

वारस दिघाशीत राहणारा असेल तर गणित बदलतं. तो अमेरिकेच्या दृष्टीनं अनिवासी परदेशी. खातं सांभाळणारी संस्था साधारणपणे ३० टक्के कर कापूनच पैसे देते आणि वर्ष संपल्यावर १०४२-एस हा कागद पाठवते. वारसाला डब्ल्यू-८बेन भरावा लागतो आणि आयटीआयएन हा अमेरिकी कर क्रमांक काढावा लागतो. त्यासाठी फॉर्म डब्ल्यू-७ आणि पासपोर्ट लागतो. म्हणून ज्यांची नावं घातली आहेत, त्यांचे पासपोर्ट आजच काढून घ्या. भारत-अमेरिका करार १९८९ चा. त्याच्या कलम २० मध्ये पेन्शनवर राहत्या देशात कर असं म्हटलं असलं, तरी तिथे पेन्शन म्हणजे ठरावीक काळानं मिळणारी रक्कम. एकरकमी उचलीला ते आपोआप लागू होतं असं धरून चालू नका. आणि अडचण अशी की परदेशात राहणाऱ्याच्या नावानं वारसा खातं उघडायला बऱ्याच संस्था तयार नसतात, मग आयुष्यभर पसरून काढायची सूट कागदावरच राहते.

भारताच्या बाजूला मृत्युकर नाही. १९५३ चा इस्टेट ड्यूटी कायदा १९८५ मध्ये मागे घेतला गेला आणि वारशानं मिळालेली मालमत्ता मिळणाऱ्याचं उत्पन्न धरली जात नाही. परदेशात राहणाऱ्या माणसाकडून वारशानं आलेली परदेशी मालमत्ता तिथेच ठेवायची मुभा फेमा कायद्याच्या कलम ६(४) मध्ये आहे. पण मृत्यूनंतर त्या पैशावर झालेली वाढ हे उत्पन्न आहे आणि खातं शिल्लक असेपर्यंत दरवर्षी प्राप्तिकर विवरणात शेड्यूल एफए भरावं लागतं, तेही कॅलेंडर वर्षाप्रमाणे. तिथे लपवाछपवी झाली तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यानं १० लाख रुपये दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून एकूण २० लाखांपर्यंतच्या जंगम मालमत्तेला या दंडातून सूट मिळाली, पण भरायचं ते भरायचंच. अमेरिकेत कापलेल्या कराची वजावट ठरलेला फॉर्म देऊन मागता येते, मात्र त्याच उत्पन्नावर भारतात जेवढा कर बसतो तेवढीच. मूळ रकमेवर भारतात करच नसेल, तर अमेरिकेत कापलेल्या ३० टक्क्यांची वजावट भारतात मिळत नाही. म्हणून आई-वडिलांसाठी सोय करायची असेल तर आमचं स्पष्ट मत असं की ४०१(के) बायको-मुलांसाठी ठेवावा आणि आई-वडिलांना बेनिफिशियरी ठेवून स्वतःचा मुदत विमा घ्यावा. विम्याच्या मृत्यू-रकमेवर अमेरिकेत उत्पन्न कर लागत नाही. कर भरलेला पैसा जमा केलेलं रॉथ खातं असेल आणि त्याची पाच वर्षं पूर्ण झाली असतील, तर तिथूनही अमेरिकी कर न कापता पैसा मिळायला हवा.

जे परत जाऊन दिघाशीत किंवा ठाण्यात घर करणार आहेत, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. भारताच्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात २०२१ साली कलम ८९ए आलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्याची वाढ दरवर्षी न धरता पैसा काढताना करपात्र धरावी, अशी त्यात सोय आहे. त्यासाठी वेगळा फॉर्म भरायचा. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा आल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे लक्षात ठेवून सीएशी बोला. ही सवलत ज्यानं परदेशात राहताना खातं उघडलं त्याच्यासाठी आहे. त्याच्या पश्चात गावी राहिलेल्या वारसाला ती शब्दशः लागू होत नाही. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. ग्रीन कार्ड सोडून कायमचे परतलेल्या, अमेरिकी नागरिक नसलेल्या माणसाचा मृत्यू झाला, तर अमेरिकेतल्या मालमत्तेपैकी फक्त ६०,००० डॉलरपर्यंतच इस्टेट टॅक्समधून सूट आहे. नागरिकांची आणि तिथेच कायम वास्तव्य असणाऱ्यांची सूट २०२६ साठी दीड कोटी डॉलर आहे. दोन्ही देशांत या करापुरता करारही नाही. परतताना ४०१(के) तिथेच सोडून येणाऱ्यांनी काही वर्षांत, कमी उत्पन्नाच्या वर्षांत, तो टप्प्याटप्प्यानं काढायचा विचार जरूर करावा.

अमेरिकेबाहेर असलेल्यांसाठी थोडक्यात. ब्रिटनमध्ये खातेदार ७५ च्या आत गेला तर वारसाला बहुधा उत्पन्न कर पडत नाही, नंतर गेला तर पडतो. ६ एप्रिल २०२७ पासून न वापरलेली पेन्शन वारसा करासाठीही धरली जाणार आहे. कॅनडात आरआरएसपी हे निवृत्ती खातं पती किंवा पत्नीकडे वळवलं नाही, तर साधारणपणे पूर्ण रक्कम मृत्यूच्या वर्षात मृताचंच उत्पन्न मानतात.

उलटा प्रवासही होतो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वडील कारखान्यात, आणि त्यांचा पीएफ, पीपीएफ किंवा एनपीएसचा पैसा न्यू जर्सीतल्या मुलीला मिळतो. भारतात मृत्यूनंतरच्या या रकमांवर साधारणपणे कर नाही. पण ईपीएफमध्ये लग्नाआधी केलेलं नामांकन लग्नानंतर रद्द होतं, तेव्हा आई-वडिलांचे फॉर्मही तपासा. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत तसं नाही, म्हणून खातं उगाच पडून राहू देऊ नका. एका वर्षात परदेशी व्यक्तीकडून १ लाख डॉलरहून अधिक वारसा मिळाला तर फॉर्म ३५२० भरून आयआरएसला कळवावं लागतं. कर लागत नाही, पण न कळवल्यास दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो. भारतातल्या खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरहून जास्त रक्कम असेल तर परदेशी खात्यांची माहिती देणारा एफबार हा फॉर्म वेगळा भरावा लागतो.

शेवटी कागद. दिघाशीतल्या वारसाला मृत्यूच्या दाखल्याच्या बऱ्याच प्रमाणित प्रती लागतील. मृत्यू अमेरिकेत झाला असेल तर तिथल्या काउंटीकडून किंवा राज्याकडून त्या आधीच घ्या, आणि भारतात वापरायच्या प्रतींवर अपॉस्टिल करून घ्या. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. काही संस्था सहीची हमी देणारा मेडॅलियन शिक्का मागतात. तो भिवंडीत मिळणार नाही, म्हणून पर्याय काय चालेल हे त्यांच्याकडून लेखी घ्या. पासबुकावरचं नाव, पासपोर्टवरचं नाव आणि बेनिफिशियरी फॉर्मवरचं नाव एकच आहे का, हे आजच फोन करून आई-वडिलांकडून तपासून घ्या. वडिलांचं नाव मधे आहे की आडनाव आधी आहे, एवढ्यावरून अर्ज महिनोन्‌महिने अडतात.