वस्तीची निवड आणि बदलते हवामान : बहादरपुर परिसराचा अभ्यास

गाव बसते ते पाण्याच्या आधाराने आणि उठते तेही पुष्कळदा पाण्यामुळेच. कधी ते आटते म्हणून, तर कधी घरात शिरते म्हणून. बऱ्हाणपूर शहरानजीकच्या बहादरपुर गावास हे निराळे सांगावयास नको. उत्तरेस सातपुड्याच्या रांगा, त्यांच्या पायथ्याशी पाणी मुरविणारा दगडगोट्यांचा पट्टा आणि तापीकाठची गाळाची जमीन, अशी या भागाची ठेवण आहे.

इतिहासातील दोन धडे

सन १६३०-३२ मध्ये पाऊस चुकल्याने गुजरात, खानदेश व दख्खन या प्रदेशांत भीषण दुष्काळ पडला. असंख्य लोकांनी गावे सोडली. पुष्कळ वाटेतच दगावले. बादशहा शाहजहानचा मुक्काम तेव्हा बऱ्हाणपुरास होता व तेथे अन्नछत्रे उघडण्यात आली. अगतिक होऊन केलेले स्थलांतर हा उपाय नसून संकटाचाच भाग होय, हा पहिला धडा.

दुसरा धडा कुंडी भंडाऱ्याचा. सन १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारी मार्गाने अडवून केवळ उताराच्या बळावर शहरात आणण्यात आले. परंतु भंडारा पाणी निर्माण करीत नाही. डोंगरात मुरलेले पाणी तो वाहून आणतो. मुरणे थांबले, की वाहणेही थांबते.

आजची परिस्थिती

सन २०२४ हे जगातील नोंदविलेले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हवेचे तापमान एक अंशाने वाढले, की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस थोड्या वेळात धो धो पडतो, वाहून जातो आणि मधले खंड लांबतात. येथील मुख्य पीक केळी. तिला बारमाही पाणी लागते. वैशाखातील उष्ण वारे तिची पाने फाडतात व वादळात बागा आडव्या होतात. एकाने कूपनलिका खोल नेली, की शेजाऱ्याची कोरडी पडते आणि कर्ज दोघांच्याही शिरावर चढते.

जावे की राहावे ?

खानदेशातील अनेक कुटुंबे कामासाठी सुरतेस जातात. सुरतही तापीकाठीच आहे. ऑगस्ट २००६ च्या पुरात त्या शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. स्थलांतराने संकट टळतेच असे नाही. पुष्कळदा त्याचे रूप तेवढे बदलते. म्हणून कोणत्याही ठिकाणी घर बांधण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : मे महिन्यात पिण्याचे पाणी कोठून मिळते, पूर्वीच्या पुराचे पाणी कोठवर चढले होते, आणि एक पीक बुडाल्यास दुसरे उत्पन्न कोणते.

गावाचे कर्तव्य

ग्रामपंचायतीने पूररेषेच्या आत नवी घरे होऊ देऊ नयेत. नाल्यांवर बंधारे व पायथ्याशी पुनर्भरणाची कामे पावसाळ्यापूर्वी पुरी करावीत. शेतकऱ्यांनी ठिबक सिंचन, आच्छादन व बागेभोवती वारारोधक झाडे यांचा अवलंब करावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून दरमहा विहिरींची पाणीपातळी व दररोजचा पाऊस नोंदवून घ्यावा आणि अधिकाऱ्यांनी त्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवाव्यात.

राहण्याचा निर्णय असो वा जाण्याचा, तो विहीर कोरडी पडल्यावर नव्हे, तिच्यात पाणी असतानाच घेणे हिताचे होय.