शेतीकामासाठी व प्रवासासाठी किफायतशीर लॅपटॉपची निवड

गेल्या काही वर्षांत शिवारफेरीला व शेतकरी मेळाव्याला येणारे बागायतदार बियाणे, खते आणि फवारणी यांबरोबरच आणखी एक प्रश्न विचारू लागले आहेत : "सर, लॅपटॉप कोणता घ्यावा ?" आम्ही कृषिविद्येचे शिक्षक, संगणक हा आमचा विषय नव्हे. परंतु रब्बी ज्वारीच्या चाचण्यांच्या नोंदी घेऊन एसटीने गावोगाव हिंडताना दोन लॅपटॉप वापरून झाले आहेत. त्यांपैकी पहिल्याच्या खरेदीत आमची फसगत झाली, आणि त्यात दोष दुकानदाराचा नव्हता, आमचाच होता.

दिवाळीच्या सवलतीत तो घेतला होता. नवा कोरा, वजनाला हलका आणि किमतीत सर्वांत कमी. आत ४ जीबी मेमरी व ६४ जीबी साठवण आहे, हे खोक्यावर छापलेले होते. आम्ही वाचले, पण त्याचा अर्थ लक्षात घेतला नाही. पहिले काही महिने तो बरा चालला. पुढे विंडोज प्रणालीचे अद्ययावतीकरण येऊ लागले तशी जागा भरत गेली. आढावा बैठकीच्या आदल्या रात्री सहा गावांतील उत्पादनाचे आकडे जुळवत असताना यंत्र जे अडले ते सकाळपर्यंत चालू झाले नाही. सर्व सरासऱ्या पुन्हा वहीतून कॅल्क्युलेटरवर काढाव्या लागल्या. मेमरी वाढवावी म्हटले, तर ती मुख्य पट्टीवर डाग देऊन पक्की बसवलेली. दीड वर्षात ते यंत्र अडगळीत गेले. म्हणून प्रस्तुत लेखात किंमत आणि नाव यांपेक्षा आत काय आहे ते कसे वाचावे, यावर भर दिला आहे.

प्रथम गरज तपासावी

बाजारभाव, हवामानाचा अंदाज, डिजिटल सातबारा, महाडीबीटीवरील अर्ज ही कामे मोबाईलवर होतात. तेवढ्यासाठी लॅपटॉप घेण्याचे कारण नाही. शेतकरी उत्पादक कंपनीचे किंवा गटाचे हिशेब, जीएसटीची विवरणपत्रे, बँकेसाठी प्रकल्प अहवाल, निर्यातक्षम द्राक्ष-डाळिंबाच्या फवारणीच्या तारीखवार नोंदी, रोपवाटिकेची विक्री अशी अनेक रकान्यांची व लांबलचक टंकलेखनाची कामे असतील, तर मात्र मोबाईलच्या पडद्यावर डोळे व वेळ दोन्ही खर्ची पडतात. घरात बारावीच्या पुढे शिकणारी मुले असतील, तर त्यांचीही गरज धरावी. यांपैकी काहीच नसेल तर तो पैसा ठिबक संचाच्या दुरुस्तीला लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लेबल वाचण्याची सवय

बियाण्याची पिशवी घेताना आपण वाणाच्या नावावर थांबत नाही. उगवणशक्ती, चाचणीची तारीख व वैध मुदतही पाहतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरचे तसेच आहे. दुकानात "आय फाईव्ह आहे" एवढेच सांगितले जाते. पण आय फाईव्ह हे झाले वाणाचे नाव. ते कोणत्या हंगामातले, हे पुढच्या आकड्यावरून कळते. इंटेलच्या आय५-७२००यू मध्ये सुरुवातीचा ७ म्हणजे सातवी पिढी, आय५-८२५०यू मध्ये आठवी, तर आय३-१२१५यू मध्ये पहिले दोन अंक मिळून बारावी पिढी. बारावीतला आय थ्री हा सातवीतल्या आय फाईव्हपेक्षा सरस ठरतो. एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये आणखी एक गंमत आहे. २०२३ पासून तिने वापरलेल्या क्रमांकांत तिसरा अंक आतील रचना सांगतो. ७५२०यू हा क्रमांक दिसायला नवा, पण तिसरा अंक २ असल्याने आतील रचना २०१९ मध्ये आलेली आहे. ती वाईट आहे असे नाही. नव्याच्या भावाने घेऊ नये, एवढेच.

पिढी पाहण्याचे दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी इंटेलची, मोजके अपवाद सोडता, आठवी किंवा पुढची पिढी लागते. त्यामुळे सातवी व तिच्या मागची यंत्रे बाजारात स्वस्तात दिसू लागली आहेत. बँकेचे व्यवहार ज्यावर करावयाचे, असे यंत्र त्यांतून घेऊ नये.

मेमरी ८ जीबीपेक्षा कमी नसावी. पाच वर्षे वापरावयाचा विचार असेल तर १६ जीबी घ्यावी, किंवा निदान पुढे वाढविता येईल असा रिकामा स्लॉट आहे का ते विचारावे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये आमच्या पहिल्या यंत्रासारखीच मेमरी डाग देऊन बसविलेली असते. तेथे पहिल्या दिवशी जे घेतले तेच शेवटपर्यंत.

साठवणीसाठी एसएसडीच असावी, किमान २५६ जीबी. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला साधारण ५,४०० फेरे घेते आणि तिच्यावर वाचणारी सुई केसापेक्षाही कमी अंतरावर तरंगत असते. चालू यंत्र पिशवीत टाकून मोटारसायकलवरून पाणंद रस्त्याने नेले तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. एसएसडीत फिरणारा भाग नसतो. अतिस्वस्त यंत्रांत ईएमएमसी नावाची साठवण असते. तिच्यातही फिरणारा भाग नसतो, पण ती मंद असते व बहुधा बदलता येत नाही. विक्रेता दोन्हींना सरसकट "मेमरी" म्हणतो, म्हणून नाव विचारून घ्यावे.

नवा स्वस्त की जुना चांगला ?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या अनुभवातून देतो. हाताशी रक्कम मर्यादित असेल, तर अगदी खालच्या दर्जाच्या नव्या लॅपटॉपपेक्षा तीन-चार वर्षे कार्यालयात वापरलेला वरच्या दर्जाचा लॅपटॉप बहुधा अधिक काळ काम देतो. मोठ्या कंपन्या ठरावीक मुदतीनंतर आपली यंत्रे एकगठ्ठा काढून टाकतात व दुरुस्त-तपासणी होऊन ती बाजारात येतात. डेल लॅटिट्यूड, एचपी एलिटबुक, लेनोवो थिंकपॅड या मालिका कार्यालयीन वापरासाठीच बनविलेल्या असतात. त्यांचा कीबोर्ड व बिजागऱ्या मजबूत, आणि सुटे भाग मिळण्याची सोयही बरी. आमचा सध्याचा लॅपटॉप याच प्रकारातला असून त्याने तीन रब्बी हंगाम पाहिले आहेत.

मात्र वापरलेले यंत्र घेणे म्हणजे बैलबाजारात बैल घेण्यासारखे आहे; दात पाहिल्याशिवाय दावे हाती घेऊ नये. दुकानातच विंडोजचा बॅटरी अहवाल काढून दाखविण्यास सांगावे. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता असे दोन आकडे असतात. समजा मूळ ५० वॅट-तास आणि आता ३८, म्हणजे ७६ टक्के क्षमता शिल्लक आहे, हे चालेल. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नवी बॅटरी बसवून मागावी किंवा तेवढी रक्कम किमतीतून कमी करावी. टास्क मॅनेजर उघडून मेमरी किती व किती स्लॉट वापरात आहेत, हे स्वतः पाहावे. जुन्या मालकाचा बायोस पासवर्ड काढलेला आहे याची खात्री करावी, नाहीतर पुढे एखादी बिघडलेली प्रणाली नव्याने टाकणेही अडून बसते. पडद्यावर पांढरे पान उघडून डाग पाहावेत, प्रत्येक कळ एकदा दाबावी, कॅमेरा, आवाज व सर्व जोडण्या तपासाव्यात. विंडोज अधिकृतरीत्या सक्रिय असावी. पक्के बिल व लेखी हमी यांशिवाय व्यवहार करू नये; बिल नसलेले यंत्र चोरीचेही असू शकते.

शेतकरी उत्पादक कंपनीसाठी खरेदी असेल तर बिल कंपनीच्या नावे व जीएसटी क्रमांकासह घ्यावे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. नोंदणीकृत कंपनीची विक्री करपात्र असेल तर नियमानुसार त्याची वजावट मिळते. अनेक गट संचालकाच्या वैयक्तिक नावे बिल घेतात आणि ही रक्कम हकनाक सोडून देतात.

प्रवासाच्या दृष्टीने

चौदा इंची पडदा आणि दीड किलोच्या आतबाहेर वजन, हे प्रमाण एसटीच्या प्रवासाला योग्य वाटते. पंधरा इंचीवर आकडेमोडीला ऐसपैस जागा मिळते, पण दिवसभर खांद्यावर जाणवते. पडदा चकचकीत नसून मंद पृष्ठाचा व आयपीएस प्रकारचा असावा. पडद्याचा उजेड निट या एककात मोजतात. २५० निट घरात पुरतात. पडवीत किंवा झाडाखाली बसून काम करावयाचे तर ३०० च्या वर असावेत. भर उन्हात मात्र यांपैकी कोणताच पडदा धड दिसत नाही, तेव्हा बांधावरची नोंद वहीत किंवा मोबाईलवरच बरी.

बॅटरी "दहा तास चालते" या जाहिरातीवर विसंबू नये. वॅट-तासांचा आकडा पाहावा. लिखाण व हिशेबाला यंत्र सुमारे ८ ते १० वॅट घेते असे धरल्यास ४५ वॅट-तासांची बॅटरी साडेचार ते साडेपाच तास चालेल. गाडीतून चार्जिंग करावयाचे असेल तर यूएसबी-सी जोडणीतून चार्ज होणारा लॅपटॉप निवडावा. मात्र सी आकाराचे छिद्र असले म्हणजे त्यातून चार्जिंग होतेच असे नाही. दुकानातच जोडून पाहावे. असे झाल्यास ६५ वॅटचा एकच चार्जर मोबाईललाही चालतो.

प्रवासात मोबाईलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट घेताना ती जोडणी विंडोजमध्ये मीटर्ड म्हणून नोंदवावी. नाहीतर अद्ययावतीकरण दिवसाचा सगळा डेटा सकाळीच फस्त करते.

मराठी लिहिण्यासाठी वेगळी प्रणाली विकत घेण्याची गरज नाही. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट व उच्चारानुसारी असे दोन्ही कीबोर्ड आहेत. ते युनिकोडमध्ये लिहितात. जुन्या फाँटमध्ये टंकलेले पत्र दुसऱ्या यंत्रावर उघडले की चिन्हांचा कालवा दिसतो, तसे यात होत नाही. लेखन व हिशेबाचे तक्ते यांसाठी लिबरऑफिस हे विनामूल्य आहे.

वीज, धूळ आणि ऊन

आमच्या मते शेतावरील लॅपटॉप बिघडतात ते बहुतांशी या तीन कारणांनी. चार्जरवरील छापील मजकूर वाचल्यास १०० ते २४० व्होल्ट असे आढळते. म्हणजे गावात दाब १६० वर आला तरी चार्जर काम करतो, स्टॅबिलायझर लागत नाही. धोका कमी दाबाचा नसून जादा दाबाचा आहे. तीन फेजच्या लाईनवर न्यूट्रल तुटली किंवा सैल झाली, तर एखाद्या घरातील २३० व्होल्ट चारशेच्या जवळ जाऊ शकतात. दिवे अचानक प्रखर होऊ लागले अथवा गडगडाट सुरू झाला, की प्लग लगेच काढावा व काम बॅटरीवर चालू ठेवावे. टेबलावरच्या संगणकापेक्षा लॅपटॉप शेतकऱ्याला सोयीचा, तो या कारणानेही. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जिंगच्या वेळी झिणझिण्या येत असतील तर बहुधा घरची अर्थिंग नाही किंवा प्लग दोन पिनांचा आहे. अर्थिंग करून घ्यावी. ती मोटारीलाही लागतेच.

खतांच्या व औषधांच्या गोदामात लॅपटॉप ठेवू नये. गंधकाची भुकटी आणि अमोनियाचा वायू तांब्याच्या जोडण्या खातात. द्राक्षबागेत गंधकाची धुरळणी चालू असताना तो पिशवीतून बाहेरही काढू नये. पंख्याची जाळी वर्षातून एकदा जाणकाराकडून साफ करून घ्यावी. अंथरुणावर किंवा पोत्यावर ठेवून वापरल्यास खालची हवा बंद होते.

बहुतेक उत्पादक ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापर सुचवितात. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मे महिन्यांत ही मर्यादा सकाळीच ओलांडली जाते. जड काम पहाटे किंवा रात्री करावे आणि बंद गाडीत यंत्र कधीही सोडू नये; उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. बराच वेळ विजेला जोडून काम होत असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते, ती सुरू करावी.

खरेदीचा योग्य काळ

लॅपटॉपचे भाव स्थिर नसतात. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले व त्याची झळ लॅपटॉपलाही लागली. त्यामुळे मागच्या वर्षी शेजाऱ्याने दिलेली किंमत प्रमाण मानू नये. त्याच आठवड्यात दोन दुकाने व एक ऑनलाईन भाव पाहून तुलना करावी. पैशात थोडा फरक असेल तर ज्याचे सेवा केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे ते यंत्र घ्यावे. छाटणीच्या किंवा काढणीच्या ऐन गर्दीत खरेदी टाळावी, कारण नवे यंत्र हाताळण्यास सुरुवातीचे पंधरा दिवस द्यावे लागतात.

एसएसडी धक्क्याने बिघडत नसली तरी ती कधीतरी जाते, आणि जाताना पूर्वसूचना देतेच असे नाही. म्हणून किमतीतच एका बाहेरील डिस्कचा किंवा चांगल्या पेन ड्राईव्हचा खर्च धरावा. दर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी हिशेबाची व फवारणी नोंदींची प्रत त्यावर घ्यावी आणि ती डिस्क घरातील कपाटात ठेवावी, लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे.